रुग्णालयांतील बारकोड पद्धती

रुग्णालयांतील बारकोड पद्धती : रुग्णाची ओळख, त्याला द्यावयाचे औषध वा रक्त, त्याची मात्रा आणि वेळ यांचा मेळ कमीअधिक जाडीच्या रेषांच्या सांकेतिक चिन्हांवरून यंत्राद्वारे पडताळून पाहण्याच्या पद्धतीस रुग्णालयीन बारकोड पद्धती असे म्हणतात. बारकोडास मराठीत दंडसंकेत असाही प्रतिशब्द वापरला जातो. किराणा मालाच्या दुकानांत विक्रीचा हिशोब लवकर व्हावा म्हणून जन्मास आलेले हे तंत्र रुग्णालयात आले ते वेगळ्याच गरजेपोटी. योग्य निदान झालेले असताना व योग्य औषध लिहून दिलेले असतानाही ते चुकीच्या रुग्णास, चुकीच्या मात्रेत वा चुकीच्या मार्गाने दिले जाणे हा आधुनिक रुग्णालयांतील अपघातांचा एक मोठा प्रकार आहे. या अपघातांविरुद्ध योजलेल्या उपायांमध्ये बारकोड पद्धतीस महत्त्वाचे स्थान आहे.

औषधप्रमादांचे स्वरूप : रुग्णालयात एखादे औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वी अनेक हातांतून जाते. वैद्य ते लिहून देतो. त्याच्या चिठ्ठीवरून औषधाची नोंद दुसऱ्या कागदावर उतरविली जाते. औषधालयातील औषधनिर्माता ते काढून देतो आणि अखेरीस परिचारिका ते रुग्णास देते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर प्रमाद संभवतो. अक्षर न लागणे, दशांशचिन्ह नजरेतून सुटणे, दोन औषधांच्या नावांत वा कुप्यांच्या रंगांत साम्य असणे, एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असणे, पाळी बदलताना निरोप अपुरा पोहोचणे ही त्याची नेहमीची कारणे होत. परिचर्येच्या शिक्षणात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्यात असा पाठ फार पूर्वीपासून दिला जातो. परंतु एका पाळीत कित्येक रुग्णांना कित्येक औषधे देणाऱ्या व्यक्तीकडून हा पाठ दर वेळी निर्दोषपणे पाळला जाईल, अशी खात्री देता येत नाही.

या प्रमादांचे प्रमाण किती, हे दीर्घकाळ कोणासही ठाऊक नव्हते. रुग्णालये स्वेच्छेने भरून दिलेल्या अपघातपत्रकांवर विसंबून असत व पत्रक भरणे म्हणजे स्वतःची चूक कबूल करणे असल्याने ती क्वचितच भरली जात. अमेरिकेत केनेथ बार्कर व वॉरन मॅक्कॉनेल यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळी पद्धत अवलंबिली. औषधे देणाऱ्या परिचारिकेबरोबर एक निरीक्षक राही व तिने प्रत्यक्ष काय दिले ते टिपून घेई. नंतर ही टिपणे वैद्याच्या मूळ आदेशाशी ताडून पाहिली जात. अपघातपत्रकांत जेवढे प्रमाद नोंदले गेले होते, त्यांच्या अनेक पटींनी अधिक प्रमाद प्रत्यक्षात घडत असल्याचे त्यावरून आढळून आले. याच दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत ‘एकमात्रा पद्धत’ सुरू झाली. पूर्वी परिचारिका कक्षातील मोठ्या बरण्यांतून औषध काढून घेत असत. नव्या पद्धतीत औषधालयच प्रत्येक रुग्णाची प्रत्येक मात्रा स्वतंत्र वेष्टनात, नाव लिहून पाठवू लागले. बारकोड पद्धतीचा पाया या सुधारणेने घातला, कारण वेष्टनच नसेल तर संकेत छापावयाचा कशावर, हा प्रश्न उरतो.

न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांच्या १९८४ सालच्या तीस हजारांहून अधिक रुग्णपत्रकांची हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांनी छाननी केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दाखल रुग्णांपैकी ३·७% रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली होती आणि अशा इजांमध्ये औषधांमुळे झालेल्या इजांचा वाटा १९% म्हणजे इतर कोणत्याही एका कारणापेक्षा अधिक होता. डेव्हिड बेट्स, ल्यूशन लीप व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली बॉस्टनमधील दोन रुग्णालयांविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास बारकोडाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यात आढळलेल्या प्रमादांपैकी ३९% वैद्याच्या आदेशात, १२% नोंद उतरविताना, ११% औषधालयात आणि ३८% औषध देताना घडले होते. आदेशातील प्रमादांपैकी जवळजवळ निम्मे रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच लक्षात आले. मात्र औषध देतानाच्या प्रमादांपैकी केवळ २% वेळीच रोखले गेले. वैद्याची चूक औषधनिर्माता वा परिचारिका पकडू शकते, परंतु परिचारिकेच्या पुढे साखळीत कोणीच उभे नसते. ही उणीव भरून काढणे हेच रुग्णाच्या खाटेशेजारी बारकोड वाचण्याचे मुख्य प्रयोजन होय.

बारकोडाचा उगम : फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल तंत्रशिक्षण संस्थेतील नॉर्मन जोसेफ वुडलंड (१९२१–२०१२) व बर्नर्ड सिल्व्हर (१९२४–६३) या दोघांनी २० ऑक्टोबर १९४९ रोजी बारकोडाच्या एकस्वासाठी अर्ज केला व ७ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांना एकस्व मिळाले. गिऱ्हाइकाने घेतलेल्या वस्तूची माहिती हिशोबाच्या ठिकाणी आपोआप नोंदविता यावी, ही एका किराणा कंपनीच्या प्रमुखाची इच्छा सिल्व्हर यांच्या कानी पडली होती. वुडलंड यांना मॉर्स तारसंकेत अवगत होता. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी वाळूत बोटांनी रेघा ओढल्या आणि तारसंकेतातील टिंबे व रेघा खाली ताणल्यास बारीक व जाड उभ्या रेषा मिळतात हे त्यांच्या ध्यानात आले. तथापि अशा रेषा वाचण्यास लागणारा प्रखर प्रकाशझोत व माहिती उलगडणारा स्वस्त संगणक त्या काळी उपलब्ध नव्हता. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर व पुढे संगणक लहान झाल्यावरच ही कल्पना व्यवहारात येऊ शकली.

अमेरिकेतील किराणा उद्योगाने ३ एप्रिल १९७३ रोजी सर्वांसाठी एकच बारकोड निश्चित केला. आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर (१९२५–२०१९) यांनी त्याची रचना केली होती. २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात रिग्ली कंपनीच्या च्युइंग गमचे पाकीट या पद्धतीने विकले गेले व बारकोडाच्या व्यापारी वापरास प्रारंभ झाला. या बारकोडातील बारा अंकांपैकी शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी असतो. डावीकडून विषम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट व सम स्थानांवरील अंकांची बेरीज मिळविली असता येणाऱ्या संख्येस दहाने निःशेष भाग जावा अशा रीतीने तो ठरविलेला असतो. त्यामुळे कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेल्यास भाग जात नाही व यंत्र तो संकेत नाकारते. माणसाने हाताने अंक उतरविण्यापेक्षा बारकोडाचे वाचन कितीतरी अधिक विश्वसनीय ठरते, त्यामागे ही साधी अंकगणिती योजना आहे. पुढे प्रचारात आलेल्या चौकोनी, द्विमितीय संकेतांत बरीच अधिक माहिती थोड्या जागेत मावते व चिन्हाचा काही भाग खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मूळ माहिती पुन्हा मिळविता येते. लहान कुप्यांवर व सुयांवर छापण्यास हे संकेत विशेष सोयीचे असतात.

रक्तपेढ्यांतील वापर : वैद्यकाच्या क्षेत्रात बारकोड प्रथम रुजला तो रक्तपेढ्यांत. कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगटांचा शोध लावल्यापासून न जुळणारे रक्त दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते हे ज्ञात होते. रक्तगट ओळखण्याच्या कसोट्या कालांतराने अत्यंत अचूक झाल्या, तरी अपघात थांबले नाहीत. रक्ताच्या पिशवीवरील वा नमुन्याच्या नळीवरील नाव चुकणे हेच त्यांचे मोठे कारण राहिले. अमेरिकन ब्लड कमिशनने १९७७ मध्ये रक्ताच्या पिशव्यांसाठी ‘कोडाबार’ हा बारकोड स्वीकारला. मात्र निरनिराळ्या देशांतील रक्तपेढ्या आपापल्या रीतीने क्रमांक देत असल्याने एकच क्रमांक दोन पिशव्यांवर येण्याचा संभव होता. आंतरराष्ट्रीय रक्ताधान संस्थेने १९९४ मध्ये मान्य केलेल्या ‘आयएसबीटी १२८’ या प्रमाणपद्धतीने ही अडचण दूर केली. तीत रक्तदानाच्या प्रत्येक प्रसंगास जगात अन्यत्र न आढळणारा क्रमांक मिळतो आणि रक्तगट, घटकाचा प्रकार व मुदत हीही संकेताने दर्शविली जातात.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्ताधानातील गंभीर अपघातांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाऊ लागली. आरंभीच्या वर्षांत नोंदलेल्या अपघातांमध्ये एका रुग्णाचे रक्त दुसऱ्यास दिले जाणे हाच प्रकार सर्वाधिक होता. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती समाजात मोठी होती आणि तिच्या निवारणार्थ खर्चही मोठा होत होता. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेशेजारी नाव न तपासणे हा अधिक वारंवार घडणारा धोका ठरला. त्यानंतर ऑक्सफर्ड येथील रुग्णालयांत रुग्णाची मनगटपट्टी व रक्ताची पिशवी यांवरील बारकोड हातातील छोट्या संगणकाने जुळवून पाहण्याची पद्धत विकसित करण्यात आली.

टोपेका येथील प्रयोग : औषधे देण्यासाठी बारकोड वापरण्याची कल्पना एका परिचारिकेच्या अनुभवातून आकारास आली. स्यू किनिक या कॅनझस राज्यातील टोपेका येथे माजी सैनिकांसाठी असलेल्या शासकीय रुग्णालयात काम करीत होत्या. १९९२ च्या सुमारास भाड्याने घेतलेली मोटारगाडी परत करताना तेथील नोकराने हातातील यंत्राने गाडीवरील बारकोड वाचून क्षणार्धात हिशोब पुरा केल्याचे त्यांनी पाहिले. मोटारींसाठी जे शक्य आहे ते रुग्णांच्या औषधांसाठीही शक्य व्हावे, असा विचार करून त्यांनी तो आपल्या रुग्णालयात मांडला. तेथील परिचारिका, औषधनिर्माते व संगणकतज्ञ यांनी मिळून १९९४ पर्यंत त्याचे प्राथमिक प्रारूप तयार केले. टोपेका येथे १९९३ ते २००१ या काळात नोंदलेल्या औषधप्रमादांचे प्रमाण सु. ८६% नी घटल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. हा आकडा नोंदविलेल्या प्रमादांवर आधारलेला असल्याने तो काहीशा सावधगिरीनेच वाचावा लागतो. तरीही माजी सैनिकांच्या आरोग्यसेवा विभागाने १९९९ पासून ही पद्धत देशभरातील आपल्या रुग्णालयांत लागू केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या वैद्यकविषयक राष्ट्रीय संस्थेचा ‘टू अर इज ह्यूमन’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतील टाळता येण्याजोग्या प्रमादांमुळे त्या देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण मृत्यू पावत असावेत, असा अंदाज त्यात व्यक्त झाला होता. बहुतेक प्रमाद वाईट माणसांमुळे नव्हे तर सदोष व्यवस्थेमुळे घडतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते.

कार्यपद्धती : रुग्ण दाखल होताच त्याच्या मनगटावर बारकोड छापलेली पट्टी बांधली जाते. वैद्याचा आदेश संगणकात नोंदला जातो व औषधनिर्माता तो तपासून मान्य करतो. प्रत्येक रुग्णासाठी कोणते औषध केव्हा द्यावयाचे याची सूची संगणकाच्या पडद्यावर तयार होते. औषध देण्याच्या वेळी परिचारिका फिरत्या गाड्यावरील संगणक घेऊन खाटेजवळ जाते, प्रथम स्वतःच्या ओळखपत्रावरील, नंतर रुग्णाच्या पट्टीवरील व अखेरीस औषधाच्या वेष्टनावरील बारकोड स्कॅनरने वाचते. संगणक या गोष्टींचा आदेशाशी मेळ घालतो. रुग्ण दुसरा असल्यास, औषध बंद केलेले असल्यास, मात्रा कमीअधिक असल्यास वा वेळ होऊन गेलेली असल्यास पडद्यावर इशारा उमटतो. सर्व जुळल्यास औषध दिल्याची नोंद वेळेसह आपोआप होते. त्यामुळे तेच औषध पुढील पाळीतील परिचारिकेकडून पुन्हा दिले जाण्याचा धोकाही कमी होतो. हीच पद्धत मातेचे काढून ठेवलेले दूध योग्य अर्भकास देणे, प्रयोगशाळेतील नमुन्यांच्या नळ्यांवर खाटेशेजारीच नाव छापणे आणि शस्त्रक्रियेतील उपकरणांचा माग ठेवणे यांसाठीही वापरली जाते.

शासकीय नियम : आरंभी मोठी अडचण होती ती औषधांच्या वेष्टनांची. उत्पादक मोठ्या खोक्यांवर बारकोड छापीत, परंतु एकेका मात्रेवर तो क्वचितच असे. त्यामुळे रुग्णालयांना प्रत्येक गोळी पुन्हा वेष्टनात घालून स्वतःचा बारकोड चिकटवावा लागे आणि या कामात नवे प्रमाद होण्याची शक्यता असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २६ फेब्रुवारी २००४ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध करून वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांवर आणि रुग्णालयांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या इतर काही औषधांवर बारकोड असणे सक्तीचे केले. उत्पादक, औषध व वेष्टन यांची ओळख पटविणारा राष्ट्रीय औषधक्रमांक त्यात असावयास हवा होता. रक्त व रक्तघटकांच्या वेष्टनांवरील माहिती यंत्रास वाचता येणारी असावी, असेही ठरविण्यात आले. आधीपासून विक्रीत असलेल्या औषधांसाठी एप्रिल २००६ पर्यंत मुदत देण्यात आली. वीस वर्षांत सु. पाच लाख अपाय यामुळे टळतील, असा प्रशासनाचा अंदाज होता. या नियमाने औषध-उत्पादकांवर बंधन आले, रुग्णालयांवर मात्र स्कॅनर वापरण्याची सक्ती त्याने केली नाही.

परिणामांचे मोजमाप : या पद्धतीचे सर्वांत विश्वसनीय मूल्यमापन बॉस्टनमधील ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात एरिक पून व त्यांचे सहकारी यांनी केले व ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बार्कर यांच्याप्रमाणेच त्यांनीही प्रत्यक्ष निरीक्षणाची पद्धत वापरली आणि औषध देण्याचे १४,०४१ प्रसंग तपासले. बारकोड नसलेल्या कक्षांत वेळेव्यतिरिक्त इतर प्रमादांचे प्रमाण ११·५% होते. बारकोड असलेल्या कक्षांत ते ६·८% आढळले, म्हणजेच त्यात ४१·४% घट झाली. अपायाची शक्यता असलेले प्रमाद ३·१ टक्क्यांवरून १·६ टक्क्यांवर आले. औषध वेळेवर न दिले जाण्याचे प्रमाण २७·३% नी कमी झाले. आदेशांची नोंद हाताने उतरविताना पूर्वी ६·१% प्रमाद होत, ते पूर्णपणे नाहीसे झाले. हे आकडे लाभाबरोबर मर्यादाही दर्शवितात. निरीक्षणाखालील सुसज्ज रुग्णालयातही प्रमाद सु. निम्म्याने घटले, संपले नाहीत.

मर्यादा व आडवाटा : बारकोड केवळ आदेश व औषध यांचा मेळ तपासतो, आदेश योग्य आहे की नाही हे तो सांगू शकत नाही. वैद्याने दहापट मात्रा लिहिली व ती कोणी हटकली नाही, तर दहापट मात्रेची कुपी यंत्र निःशंकपणे मान्य करते. त्यासाठी वैद्याने आदेश थेट संगणकात लिहिण्याची व संगणकाने मात्रा, आंतरक्रिया इ. तपासण्याची स्वतंत्र व्यवस्था लागते. अशा व्यवस्थेमुळे गंभीर औषधप्रमाद ५५% नी घटल्याचे बेट्स यांनी १९९८ साली दाखविले. तसेच बारकोड लेबलाची ओळख पटवितो, कुपीतील द्रव्याची नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले गेलेल्या ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. अशा प्रसंगी बारकोड फार तर सदोष घाण्याचा माग काढण्यास मदत करील. औषधाची शुद्धता तपासण्याचे काम प्रयोगशाळेलाच करावे लागते.

यंत्र कामात अडथळा ठरू लागले की माणसे त्यास वळसा घालतात, हेही लवकरच दिसून आले. एमिली पॅटर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील परिचारिकांचे निरीक्षण करून २००२ मध्ये या पद्धतीचे पाच अनपेक्षित दुष्परिणाम नोंदविले. संगणकाने औषधे सूचीतून आपोआप काढून टाकल्यामुळे होणारा गोंधळ, वैद्य व परिचारिका यांच्यातील संपर्कात आलेली तूट आणि गर्दीच्या वेळी यंत्रात नोंदल्या जाणाऱ्या कामांना इतर कामांपेक्षा मिळणारे अवाजवी महत्त्व हे त्यांपैकी होत. रॉस कॉपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच रुग्णालयांच्या अभ्यासात अशा आडवाटांचे १५ प्रकार व त्यांची ३१ कारणे आढळली. काही ठिकाणी रुग्णांच्या मनगटपट्ट्यांच्या जादा प्रती काढून त्या गाड्याला, दाराच्या चौकटीला वा परिचारिकेच्या कमरपट्ट्याला लावलेल्या असत आणि रुग्णाजवळ न जाताच त्यांचे वाचन केले जाई. कोठे अनेक रुग्णांची औषधे आधीच वाचून एकाच गाड्यावर ठेवली जात. यामुळे पडताळणीचा हेतूच नष्ट होतो, परंतु संगणकातील नोंद मात्र निर्दोष दिसते.

या वर्तनाचे कारण केवळ आळस वा बेफिकिरी असे मानणे चुकीचे ठरेल. वेष्टन चुरगळलेले, लेबल फाटलेले, मनगटपट्टी भिजलेली वा मुलाने चावलेली, स्कॅनरची विद्युत् घटमाला संपलेली, बिनतारी जोडणी तुटलेली, औषधावर बारकोडच नसलेला अशी कारणे कॉपेल यांनी नोंदविली. झोपलेल्या रुग्णास पट्टीसाठी उठवावे लागू नये, संसर्गजन्य रुग्णाच्या खोलीत अवजड गाडा न्यावा लागू नये, अशा सद्धेतूनेही नियम मोडले जात. त्यांनी तपासलेल्या नोंदींत ४·२% रुग्णांच्या व १०·३% औषधांच्या बाबतीत परिचारिकांनी यंत्राचा इशारा बाजूस सारला होता. प्रत्येक आडवाट ही व्यवस्थेतील एखाद्या दोषाची खूण असते आणि ती शोधून दुरुस्त करणे हे शिक्षेपेक्षा अधिक फलदायी असते, असा या अभ्यासाचा रोख आहे.

जबाबदारीचा प्रश्न : प्रमाद घडल्यावर दोष कोणाचा, हा प्रश्न या पद्धतीमुळे अधिक तीव्र झाला आहे. सप्टेंबर २००६ मध्ये इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या सहा अर्भकांना रक्त गोठू न देणाऱ्या हेपारीन या औषधाची घनमात्रा दिली गेली व त्यांपैकी तिघे दगावली. प्रती मिलिलिटर १० एकक असलेल्या कुप्यांच्या जागी औषधांच्या कपाटात १०,००० एककांच्या कुप्या भरल्या गेल्या होत्या. दोन्हींची लेबले निळ्या रंगाच्याच छटांची होती. त्या कपाटात नेहमी सौम्य औषधच असते, या सवयीच्या विश्वासाने एकामागून एक परिचारिकांनी ती घेतली. कपाट भरताना वा औषध देताना बारकोड वाचला गेला असता तर येथे इशारा मिळाला असता.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यात प्रसूतीसाठी दाखल झालेल्या एका तरुणीस प्रतिजैविकाऐवजी पाठीच्या कण्याभोवती द्यावयाचे बधिरक औषध नीलेतून दिले जाऊन ती मरण पावली. त्या कक्षात बारकोड पद्धती नुकतीच आली होती, पण ती अद्याप अंगवळणी पडलेली नव्हती. रुग्णास मनगटपट्टीही बांधलेली नव्हती. परिचारिकेने आदल्या दिवशी लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. तिच्यावर फौजदारी खटला भरण्यात आला. पुढे आरोपाचे स्वरूप सौम्य करण्यात आले. टेनेसी राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले गेल्याने एक वृद्धा मरण पावली. ज्या विभागात ते दिले गेले तेथे स्कॅनर नव्हता. तेथील परिचारिकेस २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले व तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा दिली. या निकालाविरुद्ध परिचारिकांच्या संघटनांनी चिंता व्यक्त केली. कबुली दिल्यास कारावासाचे भय असेल तर प्रमाद लपविले जातील व त्यांपासून कोणीच काही शिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, समोर आलेले अनेक इशारे डावलणाऱ्या व्यक्तीस जबाबदार धरू नये काय, हा मृतांच्या आप्तांच्या बाजूने विचारला जाणारा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. १९६२ साली अपघातपत्रके कोरी राहण्याचे जे कारण होते, तेच या वादाच्या मुळाशी आहे.

इतर देश व भारत : जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये ‘अपायाविना औषध’ ही मोहीम सुरू केली. औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्याने कमी करणे हे तिचे उद्दिष्ट होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१६ पासून सहा निवडक रुग्णालय-संस्थांमध्ये रुग्ण, वस्तू व जागा या सर्वांना बारकोड देण्याचा प्रकल्प राबविला.

भारतात औषधांवरील बारकोडांचा विचार मुख्यतः बनावट औषधांना आळा घालण्याच्या दृष्टीने झाला. निर्यातीच्या औषधांच्या वेष्टनांवर बारकोड छापण्याची सक्ती २०११ पासून टप्प्याटप्प्याने करण्यात आली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियम, १९४५ यांत दुरुस्ती करून अधिक खपाच्या ३०० औषधनाममुद्रांवर बारकोड वा क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक केले. औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, घाण्याचा क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि परवान्याचा क्रमांक ही माहिती त्यातून मिळावी, अशी तरतूद आहे. खरेदीदारास औषधाची सत्यता पडताळता यावी यासाठी ही योजना उपयुक्त आहे. तथापि तिचा संकेत संपूर्ण पट्टीवर वा वेष्टनावर असतो. आपल्याकडे गोळ्या बहुधा दहा-दहाच्या पट्ट्यांत येतात आणि रुग्णालयात त्या कापून दिल्या जातात. कापलेल्या तुकड्यावर पुष्कळदा औषधाचे नावही पुरते उरत नाही, मग बारकोडाची गोष्ट दूरच. म्हणून एकेका गोळीवर संकेत छापलेली वेष्टने निर्माण होईपर्यंत रुग्णालयास ती आपल्या औषधालयातच तयार करावी लागतात.

स्कॅनर व संगणक यांचा खर्च काही मोठी रुग्णालये करू शकतात. एकेका परिचारिकेकडे फार मोठ्या संख्येने रुग्ण सोपविलेल्या सार्वजनिक रुग्णालयांत अडचण केवळ पैशाची नाही. प्रत्येक रुग्णाजवळ थांबून तीन संकेत वाचण्यास जो वेळ लागतो, तो उपलब्ध नसेल तर इतरत्र आढळलेल्या आडवाटाच तेथेही रूढ होतील. परदेशांतील अनुभवावरून असे दिसते की, बारकोड पद्धतीचा लाभ पुरेसे मनुष्यबळ, एकमात्रा वेष्टने, अखंड वीजपुरवठा व न भिता प्रमाद नोंदविण्याची मुभा या चार गोष्टींवर अवलंबून असतो. ज्या रुग्णालयांत हे तंत्र अद्याप आलेले नाही, तेथेही रुग्णास त्याचे नाव विचारून ते पट्टीशी व औषधपत्रकाशी ताडून पाहणे, दिसण्यात सारखी औषधे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणे व तीव्र द्रावणे कक्षात न साठविणे हे उपाय अल्प खर्चात करता येतात. बारकोड पद्धती या जुन्या दक्षतांची जागा घेत नाही. त्या पाळल्या गेल्या की नाहीत हे प्रत्येक मात्रेच्या वेळी पडताळून पाहते.